निवांतच्या पत्त्यावरची गल्ली

फॉर्मकाकू फॉर्म भरायला बसल्या की समोरच्या माणसाने गप्प बसायचं असतं, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फॉर्म तुमचा, नाव तुमचं, वय तुमचं, पण उत्तरं काकूच देणार. "जन्मतारीख?" असं त्या मोठ्याने वाचायच्या आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत टाइप करून मोकळ्या व्हायच्या. एखाद्याने "काकू, तसं नाहीये ते," म्हटलं, की चष्म्याच्या वरून बघून म्हणायच्या, "गेल्या वर्षी हेच सांगितलं होतंत. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" त्यावर कोण काय बोलणार? माणूस आपली गपगुमान सही करून घरी जायचा, आणि काम मात्र व्हायचं.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. डावीकडे काकूंचा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी लोखंडी स्टूल. प्रिंटरला दोन चापट्या मारल्याशिवाय तो कागद ओढत नसे, आणि चापट्या मारायचा हक्क फक्त काकूंचा. उजवीकडे सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल. सासऱ्यांना सगळी गल्ली बाबा म्हणायची, म्हणून काकूही म्हणायच्या. काकूंचा नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून उतरून त्याला बोलायची सवयच राहिली नव्हती. घरात त्याचे शब्द दोन, "हं" आणि "बघू". बाकीचं सगळं बोलणं काकूंच्या वाट्याला आलं होतं, आणि त्यांनी ते कधी कमी पडू दिलं नाही.

आता ही जी भानगड झाली, तिचं मूळ एका लाल चांदणीत होतं. गल्लीच्या तोंडाशी टेलरमास्तरांचं दुकान. त्यांना विजेचं मीटर स्वतःच्या नावावर करून घ्यायचं होतं. नाव भरलं, पत्ता भरला, आणि पुढच्या रकान्यापाशी गाडी अडली. 'ईमेल', आणि शेजारी लाल चांदणी. म्हणजे भरलाच पाहिजे.

"मास्तर, ईमेल आहे?"

"ते काय असतं?"

"म्हणजे नाही," काकू म्हणाल्या, आणि सरळ मनाने त्यांनी रकान्यात 'नाही' असं लिहिलं. इतकं स्वच्छ, खरं उत्तर; पण फॉर्मला ते पटलं नाही. खाली लाल अक्षरं उमटली : कृपया वैध ईमेल पत्ता द्या. काकूंनी 'खरंच नाही' असं लिहिलं. परत लाल. 'मास्तर शिंपी आहेत' लिहिलं, लाल. मास्तरांच्या घरचा अख्खा पत्ता पिनकोडासकट लिहिला, तरी लालच. काकूंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. मास्तर भीत भीत म्हणाले, "राहू द्या काकू, मीटर आहे तसंच चालेल." काकू म्हणाल्या, "मीटर चालेल हो, मला नाही चालणार."

मग त्यांनी त्या रकान्याकडे नीट बघितलं. आत फिकट अक्षरांत नमुना होता. आधी एक शब्द, मग तो गोल शेपटीचा ए, मग सगळ्या जगाचं असतं त्या मेलवाल्या कंपनीचं नाव, मग टिंब आणि कॉम. काकूंनी मान वर केली. समोरच्या घराच्या फाटकावर पाटी होती, 'निवांत'. काकूंनी इंग्रजीत निवांत लिहिलं, शेपटीचा ए काढला, पुढचं सगळं नमुन्यावरून उतरवलं. लाल अक्षरं गेली आणि हिरवी खूण आली.

"झालं," काकू म्हणाल्या.

"पण हे कुणाचं आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाचं कशाला असेल? आत्ता तुमच्यासमोर केलं ना मी!"

त्या दिवशी काकूंना फॉर्मचं मर्म सापडलं, असं त्यांचं ठाम मत झालं. फॉर्मला पत्ता नकोच असतो मुळी; पत्त्यासारखं दिसणारं काहीतरी हवं असतं. सोसायटीच्या वॉचमनला कसं, इस्त्रीचे कपडे दिसले की तो सलाम ठोकून आत सोडतो, तुम्ही कोण नि कुणाकडे चाललात हे विचारत नाही. हिरवी खूण म्हणजे वॉचमनचा सलाम. ही गोष्ट काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत, आणि लोकही माना डोलावत. माना डोलावल्या नाहीत तर फॉर्म कोण भरून देणार?

मग काय विचारता! बेकरीवाल्या वहिनींच्या ओव्हनची वॉरंटी, प्लंबरची रेल्वेची तिकिटं, कुणाची गॅसची जोडणी, मास्तरांच्या रक्ताच्या तपासण्या, सगळी गल्ली निवांत झाली. पुढे पुढे काही फॉर्म शहाणे झाले. 'हा पत्ता आधीच वापरलेला आहे' म्हणायला लागले. त्यावरही काकूंनी तोड काढली. निवांतच्या अक्षरांमध्ये टिंब टाकायचं. पहिल्या अक्षरानंतर टिंब म्हणजे टेलरमास्तर, दुसऱ्यानंतर बेकरी, तिसऱ्यानंतर प्लंबर. फॉर्म पुन्हा हिरवा! आणि एखादी साइट फारच आगाऊ निघाली, पत्त्यावर आकडा पाठवलाय तो इथे टाका म्हणाली, तर काकू कॉम्प्युटर बंद करून सांगत, "ही साइट बिघडलीय. ऑफिसात जाऊन या."

एक गोष्ट काकूंना माहीत नव्हती. त्या मेलवाल्या कंपनीच्या लेखी टिंब असलं काय नि नसलं काय, सगळं सारखंच. कुठेही टिंब द्या, टपाल एकाच दारात जाऊन पडतं. आणि ते दार खरोखरच कुणाचं तरी होतं. पण ते पुढे.

आता बाबांचं. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि ते सोडून सगळ्यांना दिसत होता. बाबा आधी म्हणाले, भिंगावर ओरखडे पडलेत. नवं भिंग आणलं. मग म्हणाले, बल्ब मंद आहे. काकूंनी इतका मोठा बल्ब लावला की गिऱ्हाइकं कपाळावर हात धरून आत यायला लागली. मग म्हणाले, हल्लीची घड्याळंच बारीक बनवतात, कंपन्या चोर झाल्यात. शाळेतल्या एका बाईंच्या घड्याळात त्यांनी लांब काटा आखूड काट्याच्या जागी बसवून दिला. त्या बाई पोचल्या तेव्हा शाळा सुटून पोरं घरी निघाली होती. हळूहळू घड्याळं यायची बंद झाली. बाबा मात्र रोज सकाळी टेबल पुसून, हत्यारं ओळीने मांडून बसायचे. कुणी आलं की पावलांच्या आवाजाकडे मान वळवायचे. माणूस काकूंच्या स्टुलावर बसला की पुन्हा मान खाली घालायचे. काकूंना ते बघवत नसे. म्हणून त्या बाबांवर जास्तच ओरडायच्या.

"ऑपरेशन करा, ऑपरेशन करा, किती वेळा सांगू?"

"डोळ्याला सुरी लावून घेऊ? त्यापेक्षा अंदाजाने करीन."

अंदाजाने काय केलं, ते ऐका. एका सकाळी टेबलावर घड्याळाचा बटणाएवढा सेल होता आणि शेजारी रक्तदाबाची गोळी. बाबांनी गोळी घड्याळात बसवली, मागचं झाकण घट्ट लावलं, कानाशी धरलं. घड्याळ चालेना. "चालेल थोड्या वेळाने," असं म्हणून त्यांनी सेल तोंडाकडे नेला आणि पाण्याचा पेला उचलला. नवरा तेवढ्यात डबा घ्यायला आत आला होता. त्याने मनगट धरलं. "बाबा, सेल," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

बाबांनी तो सेल बोटांत फिरवून चाचपला. मग म्हणाले, "करा बाई ते ऑपरेशन. मला टेबलावर बसायचंय, आणि असं शोभेला नाही बसायचं."  काकू एकदा तरी ओरडतील असं त्यांना वाटलं असावं, पण काकू सरळ कॉम्प्युटरकडे वळल्या.

डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना होता. हात चांगला, पण रांग भली मोठी, आणि नाव नोंदवायचं ते साइटवरच. काकूंनी भराभरा फॉर्म भरला. ईमेलच्या रकान्यात बोटांनी आपणहून निवांत लिहिलं, वर बाबांसाठी म्हणून चांगली तीन टिंबं दिली. घरचा माणूस, त्याला कमी कशाला? हिरवी खूण आली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : आपली तारीख फक्त ईमेलने कळवण्यात येईल. बारीक अक्षरं काकू कधीच वाचत नसत. त्यांच्या मते महत्त्वाचं काही असतं तर मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं.

मग वाट बघणं सुरू झालं. बाबा रोज विचारायचे, "आलं का गं बोलावणं?" काकू म्हणायच्या, "रांग आहे बाबा. येईल." महिने गेले. आणि एक दिवस बेकरीवाल्या वहिनी डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेल्या आपल्या आईला धरून गल्लीतून चालल्या होत्या. काकूंनी दारातूनच विचारलं, तर आईचं नाव बाबांच्या नंतर नोंदवलेलं! वहिनींच्या भावाने घरूनच फॉर्म भरला होता, स्वतःचा ईमेल देऊन. काकू हबकल्या. पण तोंडावर तसं दिसू देतील तर त्या फॉर्मकाकू कसल्या! "वशिला लावला असेल भावाने," म्हणाल्या, आणि दुकानाला कुलूप लावून तडक दवाखाना गाठला.

खिडकीतल्या बाईंनी नोंदणीचा नंबर बघितला. "तुमची तारीख आलीये ना! पहिलीला होकार आला नाही, म्हणून ही दुसरी, परवाची. मेल गेलीय तुम्हाला."

"मला नाही आली."

"पोचलीय. नसती पोचली तर परत आली असती. त्यात बटण आहे, ते दाबून होकार द्यायचा. उद्या खिडकी बंद होईपर्यंत होकार आला नाही, तर नाव रांगेच्या शेवटी जाईल."

"मग मी इथे उभी राहून होकार देतेय की! हा घ्या होकार. हो, हो, हो!"

"असा नाही चालत. मेलमधूनच लागतो."

"मग पत्ता बदला."

"बदलते ना. पण बदलायला परवानगी लागते, आणि ती परवानगी मागणारी मेल जुन्या पत्त्यावर जाते." बाईंनी समजावणीच्या सुरात विचारलं, "कुणाचा पत्ता दिलाय हा? घरातल्याच कुणाचा ना?"

काकू खिडकीपासून वळल्या आणि चालू लागल्या. परतीच्या वाटेवर त्या बसमध्ये चढल्या, दोन थांबे पुढे जाऊन उतरल्या आणि मागे चालत आल्या. डोक्यात एकच वाक्य घण घालत होतं, मेल पोचलीय. म्हणजे निवांत नावाचा कुणीतरी आहे. हाडामासाचा आहे. आणि बाबांचे डोळे त्याच्या हातात आहेत.

घरी आल्या तर बाबा टेबलाशी. "काय म्हणाले गं?" काकू म्हणाल्या, "उद्या नक्की सांगतो म्हणाले." आणि निवांतला लिहायला बसल्या. बसल्यावर कळलं, स्वतः काकूंचाच ईमेल नव्हता! सगळ्या गल्लीला पत्ते वाटले आणि स्वतः बिनपत्त्याच्या. आधी तो उघडणं आलं. त्या फॉर्ममध्ये पर्यायी ईमेल विचारला होता. बोटं सवयीने निवांत लिहून मोकळी झाली. काकूंनी स्वतःच्याच हातावर चापट मारली आणि ते खोडलं.

मग पत्र लिहिलं. खूप खोडून शेवटी एवढंच उरलं : महाशय, आपण कोण ते माहीत नाही. माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची मेल चुकून तुमच्याकडे आली आहे. कृपा करून त्यातलं बटण दाबा. उद्या खिडकी बंद व्हायच्या आत. फार उपकार होतील.

चहा गाळून होतो न होतो तोच उत्तर आलं. ते असं :

"बाई! तुम्हीच का त्या? किती वर्षं शोधतोय तुम्हाला! मी निवृत्त झालो, म्हटलं आता कुणाची कटकट नको, म्हणून हौसेने हा पत्ता घेतला. त्या दिवसापासून मला तुमच्या टेलरमास्तरांच्या रक्तातली साखर येतेय. बेकरीच्या ओव्हनची तक्रार येतेय. कोण तो प्लंबर दर महिन्याला तिकीट काढतो आणि रद्द करतो, त्याला एकदा नीट ठरव म्हणावं! मी प्रत्येकाला उलट लिहिलं. उत्तर काय, तर या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. रक्त तपासणाऱ्यांना फोन केला की अहो हा मी नव्हे, तर म्हणाले, आमच्याकडे हिरवी खूण आहे, म्हणजे तुम्हीच असणार. मला साखर नाही हो! मास्तरांची वाचून वाचून होईल आता. म्हणून हल्ली मी काही न वाचता उडवून टाकतो. तुमच्या सासऱ्यांची मेलही उडवली."

काकूंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. नवरा कामावरून आला होता. त्याने पाठीमागून वाचलं आणि म्हणाला, "उडवलेलं कचऱ्याच्या डब्यात पडतं. तिथे बघायला सांग."

"तुला कसं माहीत?"

"माझा आहे की ईमेल. कंपनीने दिलाय."

"तुझा ईमेल आहे? आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," नवरा म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्यावर खरं तर मोठं भांडण व्हायला हवं होतं, पण काकूंनी ते पुढे ढकललं. आधी निवांतला लिहिलं : कचऱ्यात बघा, पाया पडते.

उत्तर आलं : "सापडली. बटणही दिसतंय. पण आधी माझी एक अट आहे. ज्या ज्या माणसाला तुम्ही माझ्या माथी मारलंत, त्या प्रत्येकाच्या दारात जा, काय केलंत ते तोंडाने सांगा, आणि त्याचा स्वतःचा पत्ता काढून द्या. ते झाल्याचं कळवा, मग बटणाचं बघू."

काकूंनी त्या माणसाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्याला उचकी लागून जीव नकोसा झाला असेल. म्हाताऱ्या माणसाचा डोळा अडवून धरतो, लाज नाही वाटत? आणि गल्लीत सांगायचं? ज्या गल्लीत आपला शब्द कुणी खाली पडू देत नाही, तिथे दारोदार जाऊन म्हणायचं की मी तुम्हाला फसवलं? बरं, फसवलं तरी कुठे? मला तरी कुठे माहीत होतं? रात्रभर त्या या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. सकाळी बाहेर आल्या तर बाबा टेबल पुसत होते. फडकं टेबलाच्या कडेवरून खाली घसरलं. बाबा ते चाचपडत शोधत होते, आणि फडकं त्यांच्या पायाशीच पडलेलं होतं.

काकूंनी ते उचलून त्यांच्या हातात दिलं, चपला घातल्या आणि निघाल्या.

टेलरमास्तर बटणं लावत होते. काकूंनी एका दमात सगळं सांगितलं. मास्तरांची सुई हवेतच थांबली. "म्हणजे माझे रिपोर्ट दुसरंच कुणीतरी वाचत होतं?"

"हो."

"साखर होती?"

"वाढत होती म्हणे, दर वेळी."

मास्तरांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक असणार. मी तर खुशाल..." त्यांनी शिलाई मशिनच्या खालची बिस्किटांची बरणी हळूच पायाने मागे सारली. काकूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. इतके दिवस गंमत वाटावी अशी ती गोष्ट, आता मुळीच गंमत वाटेना. "मास्तर, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे शब्द तोंडातून निघताना त्यांना स्वतःलाच नवीन वाटले. मास्तर नुसते म्हणाले, "आज दुपारी याल का माझ्याबरोबर तपासायला? मला एकट्याला भीती वाटते." काकू हो म्हणाल्या.

बेकरीवाल्या वहिनींनी असं सोपं सोडलं नाही. ओव्हनची कंपनी उत्तर देत नाही म्हणून त्या बिचाऱ्या कंपनीच्या माणसाला फोनवर वाट्टेल ते बोलल्या होत्या, आणि कंपनी दर वेळी इमानदारीत निवांतला उत्तर देत होती. "पाव एका बाजूने करपत होते माझे! लोक मला नावं ठेवत होते, काकू! आणि तुम्ही इथे स्टुलावर बसून मला म्हणायचात, कंपन्या अशाच असतात." पुढे त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आता फॉर्म भावाकडूनच भरून घेईन." काकूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. प्लंबर मात्र हसून हसून पायरीवर बसला. तिकिटं रद्द केली ती बायकोला न सांगता, आणि पत्ता त्याचा नव्हता म्हणूनच घरी आजवर पत्ता लागला नव्हता. "मला नवा काढून देऊ नका, आहे हाच बरा आहे," असं हात जोडून म्हणाला. काकूंनी तरीही दिला.

असं करत करत, ज्याच्या त्याच्या फोनवर पत्ता काढून देत, अख्खी गल्ली झाली. कुणी चिडलं, कुणी समजूत घातली, एका आजोबांना काय झालंय तेच कळलं नाही आणि ते काकूंना आशीर्वाद देऊन मोकळे झाले. घसा बसलेल्या काकू धापा टाकत दुकानात आल्या आणि निवांतला लिहिलं : सांगितलं सगळ्यांना. शपथेवर. आता दाबा.

उत्तर आलं : "बटण मी कालच दाबलं, कचऱ्यात ती मेल सापडली तेव्हाच. एखाद्याचा डोळा अडवून धरणारा मी माणूस नव्हे. बाबांना उद्या सकाळी उपाशीपोटी न्या, तसं त्यात लिहिलंय."

"मग मला उन्हातान्हाची दारोदार का हिंडवलीत?" काकूंनी कळफलक बडवत विचारलं.

"आधी सांगितलं असतं, तर गेला असतात का?"

काकूंनी प्रिंटरला उगाचच दोन चापट्या मारल्या. थोड्या वेळाने आणखी एक मेल आली : "मास्तरांची साखर काय निघाली, तेवढं कळवा. आता त्यांची मेल मला येणार नाही ना!" काकू मास्तरांबरोबर गेल्या, आणि आल्यावर पहिलं ते कळवलं. पथ्य पाळलं तर आटोक्यात राहील, असं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. नवरा कामावरून सुट्टी घेऊन आला होता आणि खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. बाबा खुर्चीवर ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. काकू अखंड बोलत होत्या. हळू काढा हो, त्यांना उजेड लागेल, मान वर करा बाबा, हलू नका बाबा. नर्सबाई दोनदा म्हणाल्या, "ताई, जरा शांत," पण काकूंना शांत राहता येत नव्हतं. 

पट्टी निघाली. बाबांनी डोळा मिचकावला, तो पाण्याने भरला, त्यांनी पुन्हा उघडला. समोरची भिंत बघितली. भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "हे मागे पडलंय." नवऱ्याने कोपऱ्यात पहिल्यांदा श्वास सोडला. मग बाबांनी मान वळवून काकूंकडे बघितलं. बघतच राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

नर्सबाई फिस्सकन हसल्या.   अख्ख्या गल्लीची बोलणी खाताना काकूंच्या ज्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, ते डोळे आता घळाघळा वाहायला लागले. हसतही होत्या, रडतही होत्या, आणि नाक पुसायला रुमाल मिळत नव्हता. नवऱ्याने आपला दिला.

बाबा घाबरले. "वाईट नाही गं म्हणालो मी. मला आपलं वाटत होतं, घरात म्हातारा मी एकटाच होतोय. तुझे केस इतके पांढरे झाले, कुणी मला सांगितलंच नाही." त्यांनी हात पुढे करून काकूंच्या कानामागची एक बट बोटांत धरली आणि घड्याळातला बारीक भाग उजेडात धरून बघतात तशी नीट निरखून बघितली.

दवाखान्याच्या दारातून बाहेर पडताना काकूंनी सवयीने त्यांचा दंड धरला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. "सांभाळून," बाबा म्हणाले, "पुढे पायरी आहे." आणि त्यांनी सुनेला हाताला धरून खाली उतरवलं.